कांद्याच्या बियांचा कौल

रियाधची थंडी आगाऊ वर्दी देत नाही. एका संध्याकाळी मलाझच्या फुटपाथवर हातमोजे आणि लोकरी टोप्या विकणारा बसलेला दिसतो, आमच्या इमारतीच्या राखणदाराच्या अंगावर अस्तर लावलेला फरवा, म्हणजे इथला जाड लांब कोट, चढतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नळाचं पाणी बोटांना चावतं. परवा तशीच ती आली. आणि मी काय केलं, तर लबनचा रिकामा कॅन गरम पाण्याने विसळला, उन्हात वाळवला आणि गच्चीच्या जिन्यात नेऊन पालथा घातला. तिथे आधीचे बरेच कॅन होते. सुहासने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ते पाहिलं आणि तो गप्प बसला. एरवी भाजीत मीठ किती पडलं यावरही त्याला दोन वाक्यं बोलायची असतात. पण यंदा आमच्याकडे पेरायला बी नाही, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही.

लबन म्हणजे इथलं ताक. अल खर्जच्या डेअऱ्यांमधून येतं, आपल्या ताकापेक्षा दाट आणि जरा श्रीमंत. त्याचे मोठे कॅन पांढरट असतात, आतलं धूसर दिसेल इतपत. इतक्या वर्षांत आम्ही किती लबन प्यायलो याचा हिशेब नाही, पण त्या कॅनला नाक लावलं की मला ताकाचा वास येत नाही. ओल्या मातीचा येतो. आणि मग अरारची ती गच्ची, पाण्याच्या टाकीमागचा तो कोपरा, सगळं जसंच्या तसं परत येतं.

अरार पार उत्तरेला, इराकच्या सीमेजवळ. आम्ही दोघं तिथल्या इस्पितळात होतो. सुहास एक्स-रे विभागात आणि मी लॅबमध्ये, मायक्रोबायॉलॉजीच्या टेबलावर. वाळवंट म्हटलं की लोकांना घाम आठवतो. त्यांना एकदा अरारला पाठवायला हवं. तिथे हिवाळ्यात पहाटे गाड्यांच्या काचा पांढऱ्या होतात आणि गच्चीवरचा रबरी पाइप काठीसारखा ताठ होतो. वारा तर असा, की दाराच्या फटीत फडकी कोंबली तरी हॉलमधलं कॅलेंडर हलत राहतं. आम्ही दोघं अलिबागकडचे. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे गोधडी जरा वर ओढायची आणि नऊ वाजता विसरून जायचं. अरारच्या पहिल्या हिवाळ्यात सुहास घरात कानटोपी घालून जेवायचा.

त्या वर्षी श्रावणात सुहासचे दादा गेले. सकाळी शेतावरून आले, छातीत कळ आली म्हणाले आणि पडवीतच आडवे झाले. आम्हाला रजा मिळाली ती थेट दिवाळीत. घरात वहिनी एकट्या. दादा-वहिनींना मूल नव्हतं. भात उभं होतं, ते शेजाऱ्यांनी कापून दिलं. भातानंतर त्या खाचरात दरवर्षी पांढरा कांदा व्हायचा. आमच्याकडचा कांदा बेताचा, चपटा आणि गोडसर. नुसता भाकरीबरोबर खावा. काढला की वहिनी पडवीत बसून पातींच्या वेण्या घालायच्या आणि आढ्याला माळा लटकायच्या. दादा बाहेरचं बी कधी घेत नसत. चांगले कांदे निवडायचे, पुन्हा लावायचे, फुलवायचे आणि त्यांचं बी धरायचं, असं त्यांच्या आजोबांपासून चाललेलं. आणि कांद्याचं बी मोठं नाजूक. वर्ष उलटलं की त्यातला जीव कमी होत जातो. ठेवू पुढच्या वर्षी, असं त्याला चालत नाही.

दिवाळी झाली आणि पनवेलहून माझी नणंद आली. तिचा बेत तयार होता. वहिनींनी पनवेलला यायचं, तिच्या इमारतीतल्या मोकळ्या फ्लॅटमध्ये राहायचं. जमीन बंगलेवाल्यांना द्यायची, गिऱ्हाईक दारात उभंच होतं. "एकटी बाई, विहिरीवर पाय घसरला तर कळायचंसुद्धा नाही कुणाला," नणंद म्हणाली. सुहासने मान डोलावली. मीही डोलावली, खोटं कशाला सांगू. त्यात वाईट काय होतं? सगळ्यांना वहिनींची काळजीच होती.

वहिनी ऐकत होत्या आणि लसूण सोलत होत्या. सोलून झाल्यावर उठल्या, आतून एक फडक्याची पुरचुंडी आणून त्यांनी माझ्या हातात ठेवली.

"ह्यांनी ठेवलेलं बी. एवढंच आहे. तिकडे थंडी पडते म्हणतेस ना? पेर."

"मी? वहिनी, मला शेतीतलं काय कळतंय?"

"जंतू वाढवतेस ना डब्यात? मग हे वाढव." मग सुहासकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, देवळात कौल लावायला मी जाणार नाही. गुरव माझ्या तोंडाकडे बघून हवी ती कळी पाडतो, उजवी म्हणजे हो, डावी म्हणजे नाही. हाच माझा कौल. बी रुजून उभं राहिलं तर मी इथेच राहते. नाही राहिलं तर तुम्ही सांगाल तिथे येते, सांगाल तिथे सही करते. मग एक शब्द बोलायची नाही."

नणंदेला हे पटलं. तिला काय, वाळवंटात कांदा उगवतोय कशाला! सुहासलाही पटलं. मला मात्र असा राग आला की सांगता सोय नाही. एका बाईचं उरलेलं आयुष्य फडक्यात बांधून माझ्या बॅगेत टाकलं होतं. आणि मी तर घरची तुळसही कधी धड जगवलेली नव्हती.

अरारला परतल्यावर आम्ही लबनचे कॅन मधोमध कापले, तळाला भोकं पाडली, विकतची माती भरली आणि अर्धं बी पेरलं. अर्धं मी मागे ठेवलं. ती लॅबची सवय, सँपल कधी सगळं वापरायचं नाही. कॅन गच्चीवर ठेवले आणि त्याच संध्याकाळी वारा सुटला. सुहास गच्चीवर गेला आणि सगळे कॅन उचलून खाली घेऊन आला.

"बाहेर मरेल ते," तो म्हणाला. "आपल्यालाच सोसत नाही, त्या एवढ्याशा बियांना कुठून सोसणार?"

मलाही ते बरोबर वाटलं. माझे जंतूसुद्धा उबेतच वाढतात की. हॉलमध्ये हिटरशेजारी कॅन मांडले, वरून टेप लावून बंद केले. सुहास दिवसातून दहा वेळा जाऊन बघायचा, पाणी शिंपडायचा. झोपायच्या आधी त्यांच्यावर माझी जुनी शालही घालायचा. कोकणातला माणूस थंडीपासून जीव वाचवायला निघाला की असाच वाचवतो.

आणि रुजलं की! भराभर रुजलं. काळ्या मातीतून पोपटी दोरे वर आले. सुहासला लगेच वहिनींना फोन करायचा होता. मी म्हटलं, थांब. त्या 'उभं राहिलं तर' म्हणाल्या आहेत, उभं राहू दे. ते दोरे वाढत होते, पण नुसते लांब, फिकट, आधार शोधत असल्यासारखे. मग एका सकाळी पाहिलं तर एका कॅनमधले सगळे आडवे. बुडाशी दोरा पिचलेला आणि मातीवर पांढरी बुरशी. मी रोज जी बुरशी काचेखाली बघते ती माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच शालीखाली वाढली होती. त्या आठवड्यात एकेक कॅन आडवा झाला. अति तिथे माती म्हणतात. इथे मातीसुद्धा हातची गेली होती.

सुहास त्या कॅनसमोर उकिडवा बसला. मग हळूच म्हणाला, "देवानेच सांगितलं म्हणायचं."

माझं डोकंच फिरलं. "देवाने नाही सांगितलं, हिटरने मारलंय! आणि आपण दोघांनी. देवाला यात ओढू नकोस."

"मग आता वहिनीला काय सांगायचं?"

"काही सांगायचं नाही. अर्धं बी आहे अजून."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात मला पहिल्यांदा दिसलं की बी मेलं तर त्याला रडू येईल, पण सुटल्यासारखंही वाटेल. वहिनी पनवेलला सुरक्षित, जमिनीचा विषय संपलेला, आपण इथे निवांत. मला ते दिसलं कारण माझ्याही मनात तेच होतं.

आमच्या लॅबच्या प्रमुख डॉक्टर हनान. सीरियातल्या कुठल्याशा डोंगरातल्या गावच्या, जिथे बर्फ पडतो. हसणं कमी, पण कॉफी दुसऱ्याला ओतून दिल्याशिवाय स्वतः प्यायच्या नाहीत. मी पुरचुंडी त्यांच्या टेबलावर उघडली. त्यांना वाटलं, हब्बा सौदा आणलाय, म्हणजे इथे औषध म्हणून खातात ते काळं बी. "नाही, बसल," मी म्हटलं. कांदा. मग त्यांना सगळं सांगितलं. हिटर, शाल, सगळं.

त्यांनी कपाळावर हात मारला. "शाल? कांद्याला शाल?" मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, आमच्याकडे आई हिवाळ्यातच बी बाहेर ठेवायची. वाऱ्याच्या आड ठेव. कॅन बंद कर, पण वरचं झाकण काढून टाक, हवा खेळली पाहिजे. एकदा पाणी दे. माती सुकली दिसली तरच पुन्हा दे. थंडीला घाबरू नकोस. कधी उठायचं ते बियाला कळतं. आणि मग त्यांनी बोट वर करून बजावलं, "खल्लीहा बर्रा." बाहेर राहू दे. आणि हात लावू नकोस.

हात लावू नकोस! यापेक्षा अवघड कुणी काही सांगितलेलं मला आठवत नाही.

उरलेलं सगळं बी पेरलं. या वेळी मागे काही ठेवण्याइतकं उरलंच नव्हतं. टाकीमागच्या कोपऱ्यात कॅन ओळीने मांडले आणि जिन्याच्या दाराला कडी घातली. आणि मग वाट बघणं सुरू झालं. ते दिवस आठवले की अजून माझे खांदे वर जातात. वारा वाढला की सुहास खिडकीशी जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. "नुसतं एक पोतं टाकून येऊ का वर?" मी नाही म्हणायचे. "बघून तरी येऊ?" तेही नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमच्याकडे ताकाच्या कॅनलाच फुंकर घालणं चाललं होतं. मी वरून कडक, पण लॅबमध्ये जंतू वाढवलेल्या प्लेटा वाचताना दोनदा तीच प्लेट वाचायचे. एकदा सकाळी वर गेले तर कॅनवर आतून बर्फाची जाळी धरलेली. माती टणक. मी खाली येऊन चहा टाकला आणि सुहासला म्हटलं, सगळं ठीक आहे.

दर शुक्रवारी वहिनींचा फोन यायचा. बियांचं नाव त्या काढायच्या नाहीत. जेवलात का, तिकडे थंडी किती, एवढंच. आम्हीही काढायचो नाही. नणंद तेवढी रोज विचारायची आणि रोज सांगायची की गिऱ्हाईक थांबायला तयार नाही. शेवटी सुहासने रजा टाकली, तिकीट काढलं. सही करून घ्यायची, वहिनींना पनवेलला सोडायचं आणि परत यायचं. त्याच्या बॅगेत नणंदेने पाठवलेल्या मसुद्याची प्रत होती. गच्चीवरचे कॅन मुके. मातीवर एक हिरवा ठिपकासुद्धा नाही.

त्या दिवसांत मी गच्चीच्या दाराशी नुसतीच उभी राहायचे. कडी काढायची नाही, फक्त उभं राहायचं. तिथे एकदा मला वहिनी दिसल्या. म्हणजे अगदी डोळ्यांसमोर, विहिरीवर, पदर खोचलेल्या. आणि वाटलं, आम्ही त्यांनाही हॉलमध्ये हिटरशेजारी ठेवायला निघालोय. वर टेप लावून. दिवसातून दहा वेळा पाणी शिंपडू, माझी शाल घालू, आणि मग एका सकाळी त्या बुडाशी पिचलेल्या सापडतील आणि आम्ही म्हणू, किती जपलं होतं हो! मला हुंदका आला. दादा गेल्यानंतर मी पहिल्यांदा रडले ती त्या लोखंडी दाराला टेकून. वहिनींनी राहावं, असं मला पहिल्यांदाच मनापासून वाटलं. आणि नेमकं तेव्हा माझ्या हातात करण्यासारखं काही नव्हतं.

सुहासच्या जाण्याच्या दोन दिवस आधी मी पाणी द्यायला म्हणून कडी काढली. पहिल्या कॅनमध्ये काही नाही. दुसऱ्यावर वाकून नीट बघितलं. कांदा रुजताना सरळ वर येत नाही. वाकून येतो, गुडघा आधी मातीबाहेर काढतो आणि टोक आतच रोवलेलं असतं. तसे हिरवे गुडघे होते. बुटके, जाड, गडद हिरवे. हॉलमधल्या त्या पोपटी दोऱ्यांशी यांचं काही नातं आहे हे सांगूनही पटलं नसतं. मी सुहासला हाक मारली. तो पायात काही न घालताच वर आला त्या गार फरशीवर.

"फोन लाव," तो म्हणाला.

"उभं राहू दे."

"मीनल, पहाटे पुन्हा बर्फ पडला तर?"

"पडू दे."

आता मागे वळून बघताना मला माझंच नवल वाटतं. एवढा धीर मला कुणी दिला होता कोण जाणे. त्या पहाटे बर्फ पडलाच. कॅनच्या कडा पांढऱ्या झाल्या. आम्ही दोघं ऊन यायची वाट बघत जिन्यात बसून राहिलो, फरव्यात गुंडाळलेले. ऊन आलं, बर्फ वितळून खाली ठिबकला. गुडघे तसेच होते. आणि निघायच्या दिवशी सकाळी त्यातले बरेचसे ताठ झाले होते. प्रत्येकाच्या टोकावर बियाचं काळं टरफल, टोपी घातल्यासारखं.

सुहासने व्हिडिओ कॉल लावला. वहिनी पडवीत होत्या. मी फोन कॅनजवळ नेला. सुहासने माझं मनगट धरून तो नीट रोपांवर आणला. वहिनींनी चष्मा लावला आणि फोन डोळ्यांजवळ नेला.

"बाहेर ठेवलंत?"

"हो. पहिलं आत ठेवलं होतं, ते मेलं. हे बाहेर ठेवलं," मी म्हटलं.

"बर्फात?"

"बर्फात."

"बरं," त्या म्हणाल्या आणि उठल्या. चालता चालता फोन हलत होता. अंगण दिसलं, मग माड, मग बांध. मग त्यांनी फोन उलटा फिरवला. खाचराच्या कडेला ओल्या वाफ्यांमध्ये निळसर हिरवी कांद्याची रोपं उभी होती. वीतभर उंच, दाट, लावणीला आलेली.

"हे कुठलं बी?" सुहासने विचारलं. "एवढंच आहे म्हणाली होतीस ना?"

"तुम्हाला एवढंच दिलं. तुम्ही विमानात बसलात आणि दुसऱ्या दिवशी मी माझं पेरलं. माझं राहायचं तर ह्यांना अग्नी दिला तेव्हाच ठरलं होतं. ते कुणाला विचारायचं नव्हतं."

"मग वहिनी, तो कौल?" मी म्हटलं.

"तो माझा नव्हता गो. तुमचा होता. माझ्यामागे या वाफ्यात कोण उभं राहणार, ते मला बघायचं होतं." त्या थांबल्या. डोळे पुसले की चष्मा पुसला, ते त्या हलत्या फोनमध्ये कळलं नाही. "उजवा दिलात. भाऊजी, तिकीट काढलंय तर या. ते कागद नका आणू. जुने कपडे आणा, लावणीला वाकावं लागतं."

सुहास तिथेच फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग उठून त्याने बॅगेतला मसुदा बाहेर काढला आणि जुन्या पँटी आत भरल्या.

अरारचे आमचे कांदे सुपारीपेक्षा जरा मोठे झाले. पण वास तोच होता, घरचा. डॉक्टर हनानना त्यातले दिले, तर त्यांनी एक तिथेच सोलून ब्रेडबरोबर खाल्ला आणि मान डोलावली. पुढे आमची बदली रियाधला झाली. दर दिवाळीला वहिनी बियांची पुरचुंडी पाठवायच्या, दर हिवाळ्यात मलाझच्या गच्चीवर कॅन लागायचे. इथे थंडी तितकी नाही, पण सवय लागली होती. आम्ही म्हणायचो, पुढच्या वर्षी जाऊ. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, आणखी एकदा वाढवू, मग जाऊ. उजवा कौल देऊन आम्ही इथेच बसून होतो.

यंदा पुरचुंडी आली नाही. मी फोन केला तर वहिनी म्हणाल्या, "यंदा बी नाही पाठवत. किती वर्षं डब्यात पेरणार? माझे गुडघे आता वाकत नाहीत." एवढंच. रागावल्या नव्हत्या, हेच जास्त लागलं. तेव्हापासून या घरात आम्ही दोघं तसेच फिरतोय, अरारमध्ये त्या मुक्या कॅनभोवती फिरायचो तसे. इकाम्याची मुदत याच महिन्यात संपते. मी विचारत नाही, तो सांगत नाही. आणि मी वेड्यासारखी कॅन धुऊन ठेवतेय.

काल संध्याकाळी सुहास ड्यूटीवरून आला तो थेट जिन्याकडे गेला. प्लॅस्टिक चेपल्याचे आवाज येत राहिले. खाली आला तेव्हा हातात मोठी काळी पिशवी होती.

"माझे कॅन!" मी ओरडलेच.

"ऑफिसात सांगून आलो," तो म्हणाला. "इकामा वाढवू नका. खलास." मग पिशवीकडे बघून म्हणाला, "आणि आपल्याकडे कुठे एवढी थंडी पडते. काय करायचेत हे?"

तो पिशवी घेऊन कचऱ्याकडे खाली गेला. मी ओल्या हातांनीच वहिनींना फोन लावला आणि सांगितलं.

मग त्या म्हणाल्या, "जुने कपडे आणायला सांग त्यांना."